थेट सुजेच्या जागी

४ मार्च

बँकेने फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आज उघडली, कारण आज कोणाशी तरी बोलले नाही तर माझं डोकं फुटेल आणि बोलायला घरात माणूस नाही. नवरा जहाजावर, हिंदी महासागरात कुठेतरी. लेक तिच्या खोलीत, दार लावून.

डॉक्टर तेओंनी आज सरळ सांगून टाकलं. क्रोन्स नावाचं जे दुखणं क्षिप्राच्या आतड्याला लागलंय, ते आता कुठल्याच औषधाला दाद देत नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ड्रिप झाल्या. मोठ्या आतड्यात जागोजागी सूज आणि जखमा. आता दोनच रस्ते. एक म्हणजे ऑपरेशन करून तो खराब भाग काढायचा आणि पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावायची. शी त्या पिशवीत. बहुधा कायमची. तेवीस वर्षांच्या मुलीच्या पोटाला पिशवी! 

दुसरा रस्ता म्हणजे ट्रायल. निरोगी माणसाने दिलेल्या मूळ पेशी, स्टेम सेल्स, प्रयोगशाळेत वाढवून गोठवून ठेवतात. नुसत्या शिरेतून सोडल्या तर बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात, म्हणून हे लोक कोलोनोस्कोपीची नळी आत घालतात, तिच्यातून बारीक सुई पुढे काढतात आणि थेट सुजेच्या जागी, एकेका जखमेच्या कडेला त्या पेशी टोचतात. मग त्या पेशी तिथली आग शांत करतात म्हणे. काहींना गुण आला, काहींना नाही. तेओ हातचं राखून बोलत नाहीत, हा त्यांचा गुण म्हणायचा की दोष, देव जाणे.

मी प्रश्नांचा भडिमार केला. पेशी कोणाच्या, किती टिकतात, उलटल्या तर काय. क्षिप्राने एकच प्रश्न विचारला, तोही ऑपरेशनबद्दल. "पिशवी लावली की मला जेवता येईल?" तेओ म्हणाले, हळूहळू बहुतेक सगळं. ती "ओके" म्हणाली.

मी म्हटलं, ट्रायल. ट्रायलच करायची. तेओ म्हणाले, "मिसेस सबनीस, निर्णय क्षिप्राचा आहे." मग क्षिप्राने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ओके. ट्रायल," ती म्हणाली, आणि माझ्या जिवात जीव आला.

६ मार्च

श्रीनिवासचा फोन लागला एकदाचा. चीफ इंजिनिअर माणूस, त्याला सगळ्या जगात पाइपच दिसतात. "म्हणजे जिथे लीक तिथेच सील. सगळ्या लाइनमध्ये केमिकल सोडायचं नाही. बरोबर आहे की."

"आणि सील धरलं नाही तर?"

"तर तेवढा तुकडा बदलायचा."

"तिच्या आतड्याचा तुकडा बदलत नाहीत श्री, काढून टाकतात." फोनवर नुसती इंजिनाची घरघर. मग म्हणाला, जेवलीस का? मी रागाने फोन ठेवला, आणि मग वाईट वाटलं. तो तरी तिकडून काय करणार?

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळातल्या नंदाचा फोन. पाडव्याच्या कार्यक्रमात क्षिप्रा नाचात आहे ना? मी म्हटलं, नाही गं, तिची ॲसिडिटी फार वाढलीय. तीन वर्षं आमच्याकडे ॲसिडिटीच चाललीय. आता काय सांगायचं लोकांना, माझ्या मुलीला शी आवरत नाही, रक्त पडतं? उद्या तिचं लग्न व्हायचंय. नंदा म्हणाली, जिऱ्याचं पाणी दे. देते म्हटलं.

११ मार्च

तपासण्यांचा दिवस. ट्रायलची नर्स रोहाना गोड मुलगी आहे, मलय, तिचे रोजे चालू आहेत. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि तोंडावरचं हसू हलत नाही.

पण संमतीच्या कागदांच्या वेळी मला म्हणते, "आंटी, यू वेट आउटसाइड, कॅन?" मी म्हटलं, मी आई आहे. ती म्हणाली, हो आंटी, म्हणूनच. म्हणूनच म्हणजे? मी तीन वर्षं हिच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, ऑफिसात खोटं बोलून रजा काढल्या, आणि सही करताना मी बाहेर! काचेतून दिसत होतं. क्षिप्रा बोलत होती, हातवारे करून बोलत होती, एकदा तर डोळे पुसले. रोहाना नुसती ऐकत होती. माझ्याशी ही पोर दिवसाला चार वाक्यं बोलत नाही.

येताना एमआरटीच्या गाडीत तिच्या मोबाइलमध्ये डोकावले. पोहण्याचे कपडे बघत होती. इतकं बरं वाटलं! म्हणजे उमेद आली. लहानपणी चोआ चू कांगच्या स्विमिंग पुलातून बाहेर काढायला नाकी नऊ यायचे, तीन वर्षांत पाण्यात पाय घातला नाही. कपडे मात्र कसले, पार बेंबीच्या वरपर्यंत येणाऱ्या उंच चड्ड्या, आजीबाईंसारख्या. मी म्हटलं, छान आहेत, सभ्य आहेत. तिने पटकन मोबाइल पालथा घातला आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, यू डोंट स्पाय लाऽ."

बरी झाली की घेऊन देईन.

१६ मार्च

आज रविवार. सबंध दुपार ती बाथरूममध्ये आणि मी बाथरूमच्या बाहेर.

नळ सोडते. आतले आवाज मला ऐकू येऊ नयेत म्हणून. पाणी वाहतंय, त्याच्या मागे कण्हणं ऐकू येतंय आणि मी दाराला हात लावून उभी. आत जाता येत नाही, तिथून हलता येत नाही. म्हटलं, "क्षिप्रा, काही हवंय का?" आतून "नो." पुन्हा थोड्या वेळाने विचारलं. "आई, प्लीज. गो अवे."

बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा फटक. मी सोफ्यावर आडवं केलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायला गेले तर हात धरला माझा. हाताला नुसती हाडं. माझ्याच डोळ्यांदेखत पोर वाळत चाललीय आणि मी काय करते, तर मऊ भात कालवते, जो ती खात नाही. तिला भातात रस उरला नाही, वरणात नाही, कशातच नाही. गेल्या वर्षी दिवाळीत तिने स्वतःहून चकली मागितली होती, त्यानंतर एकाही पदार्थाचं नाव तिच्या तोंडून आलेलं नाही.

देवापुढे बसले पण मागायचं काय, तेच सुचेना. पेशी नीट चिकटू देत, असं म्हटलं.

१९ मार्च

उद्या पेशी टोचणार. आज दिवसभर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. सफरचंदाचा रस, गाळलेलं चिकन सूप, साधी जेली, पाणी. आणि आतडं साफ करायचं ते खारट औषध, भांडंभर, घोट घोट. ती शहाण्यासारखी प्यायली. ओकारी आली, पुन्हा प्यायली. थरथरत होती. गालिच्यावर पाय पोटाशी घेऊन पडून होती.

चारच्या सुमारास म्हणाली, "आई, आंबील कर ना."

मी उडालेच. "काय?"

"नाचणीची आंबील. आजी करायची तशी. हिंग-जिरं घालून."

अगं बाई, मला काय वाटलं ते कसं लिहू? किती महिन्यांनी तिने एका पदार्थाचं नाव घेतलं, आणि तेही आंबिलीचं. मी म्हटलं, बाळा, आज नाही चालायची, यादी आहे ना. ती म्हणाली, "पातळ कर. गाळून. पाण्यासारखीच असते की."

मी यादी पुन्हा वाचली. आंबील 'घ्या'मध्ये नाही, 'घेऊ नका'मध्येही नाही. या लोकांच्या यादीत आंबील कुठून असणार? आणि आंबील म्हणजे काय जेवण आहे? आमच्या आईने तापात आंबील दिली, जुलाबात आंबील दिली, पोट धुऊन निघाल्यावर पहिला घास म्हणून आंबील दिली. दुखऱ्या पोटाला जे देतात ते आंबील. ते काय अन्नात धरायचं?

लिटिल इंडियातून आणलेलं पीठ होतंच. कालच्या ताकात कालवून ठेवलेलं होतं, माझ्यासाठी. पातळ, अगदी पाणीदार केली, गाळली. दोन वाट्या प्यायली. मी समोर बसून बघत होते. मला रडू आलं तर म्हणते, "आई, व्हाय यू क्रायिंग?" मी म्हटलं, काही नाही, कांदा. आंबिलीत कांदा नसतो हे तिलाही माहीत आहे.

आज मला बरं वाटतंय. उद्या सगळं नीट होणार.

२० मार्च

मीच केलं. माझ्या हाताने केलं.

सकाळी रोहानाने विचारलं, "यादीबाहेरचं काही घेतलंस का?" क्षिप्रा म्हणाली, "नो." माझ्या जिभेवर आलं होतं, आंबील. पण म्हटलं, ते काय पाणीच, आणि क्षिप्रा स्वतःच नाही म्हणतेय. उगाच घोळ कशाला घालायचा? रोहानाने लॅबला फोन केला, पेशी वितळवायला घ्या. एकदा वितळवल्या की त्या काही तासच जगतात, पुन्हा गोठवता येत नाहीत, हे तिने आम्हाला आधी समजावून सांगितलं होतं.

बाहेर बसले. जप करत होते. अजून निम्मा वेळही झाला नसेल तेवढ्यात तेओच बाहेर आले, टोपी हातात. मला वाटलं, गेली माझी पोर. ते म्हणाले, ती बरी आहे, पण आतडं साफ नाही. एका बाजूला तपकिरी चिकट थर बसलाय, धुऊन निघत नाही, जखमा दिसत नाहीत. दिसल्याशिवाय सुई टोचता येत नाही, आतडं फाटेल.

"काय घेतलं होतं तिने?"

मी आंबील इंग्रजीत कशी सांगू? रागी म्हटलं. पॉरिज म्हटलं, पण पाण्यासारखं, व्हेरी वॉटरी, फॉर सिक पीपल. रोहाना एवढंच म्हणाली, "आंटी, पॉरिज..." रागावली असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं, पेशींचं काय? टाकाव्या लागतील, म्हणाली. मी म्हटलं, दाखव. का म्हटलं कोण जाणे. तिने आणून दाखवल्या. एवढ्याशा कुप्या, आत ढगाळ पाणी. कोणीतरी अनोळखी माणसाने दिलेल्या, कोणीतरी महिनोन्‌महिने वाढवलेल्या, माझ्या मुलीच्या नावाने काढलेल्या. तिथेच पिवळ्या पिशवीत टाकल्या.

क्षिप्रा शुद्धीवर आली तेव्हा मी तिचे पाय धरायच्या बेतात होते. ती म्हणाली, "आई, नॉट युवर फॉल्ट लाऽ. रिअली. रडू नको." केवढं मन आहे पोरीचं! मी तिचा एवढा घात केला आणि तीच माझी समजूत काढते. टॅक्सीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली. कितीतरी दिवसांत अशी झोपली नव्हती.

२२ मार्च

श्रीनिवासला सांगितलं. मला वाटलं चिडेल, ओरडेल. तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणतो, "क्षिप्राने मागितली?"

"हो."

"नाव घेऊन मागितली?"

"हो म्हटलं ना."

"हं."

"हं काय?"

"काही नाही. मी बोलतो तिच्याशी."

याचं हे हं मला आयुष्यभर कळलं नाही. तिच्याशी काय बोलायचंय? अपराधी मी आहे. नाचणीचं पीठ होतं नव्हतं तेवढं कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये टाकून दिलं. काल ऑफिसात बिलं तपासताना तेच डोळ्यांसमोर, ढगाळ पाणी. साहेबांनी दोनदा हाक मारली तेव्हा कळलं.

३० मार्च, पाडवा

देव आहे! शुक्रवारी रोहानाचा फोन आला. ट्रायलवाल्यांनी मान्य केलंय, आणखी एकदा संधी देणार. त्याच दात्याच्या पेशी शिल्लक आहेत. एप्रिलच्या शेवटी.

मी धावत क्षिप्राच्या खोलीत गेले. ती म्हणाली, "दे डोंट हॅव टू, आई."

"अगं, ते देतायत ना!"

"हं," ती म्हणाली. बापाचं हं. मग उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. पोट दुखत असणार.

गुढी दरवर्षीप्रमाणे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूलाच बांधली. शेजारच्या मिसेस तान विचारत होत्या, हे कोणाचं झबलं? श्रीखंड-पुरी केली. क्षिप्रा टेबलापाशी बसली, श्रीखंडाचा वास घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मग एकदम म्हणते, "समजा बॅग लावली, तर तू मंडळात काय सांगशील? ॲसिडिटी?"

मी म्हटलं, "सणासुदीला त्या पिशवीचं नाव काढू नकोस."

नाही काढलं तिने पुन्हा.

२३ एप्रिल

उद्या. यावेळी मी यादी सोडून पाण्यालासुद्धा हात लावू दिला नाही. घरात ताक नाही, पीठ नाही, काही नाही. मीही दिवसभर तिच्याबरोबर रसावरच आहे. क्षिप्रा निमूट औषध पितेय. एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

संध्याकाळी म्हणाली, "आई, तुला भीती कशाची वाटते?"

"तुझ्या पोटाची."

"माझ्या पोटाची, की पिशवीची?"

मी म्हटलं, दोन्ही एकच. ती मान हलवून पुन्हा प्यायला लागली. मग म्हणते, बाबा तीन दिवस रोज फोन करतोय. म्हटलं, चांगलं आहे की, त्याला काळजी आहे तुझी.

तिचे केस विंचरून घट्ट वेणी घातली. केसही मूठमूठ गळतात हल्ली.

२४ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

पलंगावर ती, बाजूला मी, रोहाना, तेओ. रोहानाने विचारलं, यादीबाहेरचं काही? मीच उत्तर दिलं, नथिंग, ॲब्सोल्यूटली नथिंग. रोहाना म्हणाली, आंटी, मी तिला विचारतेय. क्षिप्रा म्हणाली, नथिंग. मग तेओंनी विचारलं, मी लॅबला फोन करू? तू तयार आहेस?

तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मी मान हलवली, हो म्हण.

"नो," क्षिप्रा म्हणाली. "आय डोंट वॉन्ट."

मला वाटलं घाबरली. म्हटलं, बाळा, भूल देतात, काही कळत नाही. ती म्हणाली, "आई, मला ऑपरेशन करायचंय. मला पहिल्यापासून तेच करायचं होतं."

मग माझं तोंड सुटलं. लाज नाही, शरम नाही, सगळ्यांसमोर, मराठीत, मोठ्या आवाजात. वेड लागलंय का तुला? पोटाला भोक पाडून घेणार? कोण लग्न करेल? यांनी दुसऱ्यांदा पेशी दिल्या, माझ्या चुकीवर पांघरूण घातलं, आणि तू...

"तुझी चूक नव्हती," ती म्हणाली. "आंबील चालत नाही, मला माहीत होतं. म्हणून तर मागितली."

मी खुर्चीत बसले. 

ती मराठीत बोलत होती. एरवी चार शब्दांत तीन इंग्रजी, पण आज सगळं मराठीत, अडखळत, शब्द शोधत. "मी दमलेय आई. तीन वर्षं प्रत्येक स्टेशनवर टॉयलेट कुठे आहे ते पाठ करून फिरते. मला नोकरीला जायचंय. मला भूक लागते, पण जेवायची भीती वाटते. इंजेक्शन झालं, ड्रिप झाली, प्रत्येक वेळी तू म्हणतेस, या वेळी नक्की. आणि प्रत्येक वेळी तुझा चेहरा... मी डॉक्टरांना नाही म्हणू शकते. तुला नाही म्हणता येत नाही मला. म्हणून ते केलं. त्या पेशी वाया गेल्या त्याचं मला फार वाईट वाटलं. सॉरी."

तेओंना मराठी येत नाही. तरी ते तिथेच पलंगाच्या कडेला हळूच बसले. रोहानाने पडदा ओढला. लॅबला फोन केलाच नाही. या खेपेस त्या पेशी गोठलेल्याच राहिल्या, दुसऱ्या कोणाला तरी मिळतील.

२७ एप्रिल

श्रीनिवासला म्हणे तेव्हाच शंका आली होती. त्या दिवशीचं हं ते हेच. "मग बोलला का नाहीस?" "ती म्हणाली, मी सांगेन आईला. वेळ दे." म्हणजे समुद्रात बसलेल्या बापाला कळलं, नर्सला कळलं, डॉक्टरला कळलं असेल. रोज समोर बसणाऱ्या मला तेवढं कळलं नाही. फोन आपटला.

राग तिचा येतोय की माझाच, तेच कळत नाही. पेशींनी गुण आला असता. कदाचित. तेओंना फोन करून विचारलं, आला असता ना? ते म्हणाले, मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. हे 'कदाचित' आता मला जन्मभर पुरणार आहे. तिच्यावर जबरदस्ती करता येत नाही. तिला समजावता येत नाही. बरं करता तर येतच नाही. आई म्हणून माझ्या हातात नक्की उरलंय तरी काय?

दोन दिवस आम्ही बोललो नाही. ती समोरून जाते, मी डाळ निवडते. डाळीत निवडण्यासारखं काही नसतं इथे, पाकीटबंद असते.

२ मे

ताप भरला. रक्त फार गेलं. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. आता ट्रायल नाही आणि वाट बघणंही नाही. पंधरा तारखेला ऑपरेशन, तेओंच्या ओळखीच्या सर्जनबाई करणार आहेत. श्रीनिवासला सुट्टी मिळतेय, कोलंबोला उतरून येईल.

सलाईन चालू असताना तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाली, बघ. एक मुलगी, हिच्याच वयाची, समुद्रात सूर मारतेय. पोटावर पिशवी, वर ती बेंबीपर्यंतची चड्डी. वर आली, केस झटकले, हसली. मी कपाळाला हात लावला. मार्चपासून ही पोर मला सांगत होती आणि मी म्हणे सभ्य कपडे!

"परत दाखव," मी म्हटलं. चार-पाच वेळा पाहिलं. किळस येईल वाटलं होतं. आली, थोडी आली, खोटं का लिहू? पण त्या मुलीचे दंड कसे भरलेले होते, तेच जास्त बघत होते मी.

मग नंदाला फोन केला. म्हटलं, क्षिप्राला ॲसिडिटी नाहीये. पुढचंही सगळं सांगितलं. नंदा म्हणाली, डबा कधी आणू?

१४ मे

उद्या ऑपरेशन. आज दुपारी एक वेगळी नर्स आली, फक्त पिशव्यांचंच काम बघणारी, चिनी, चष्मेवाली, चटपटीत. पोटावर खूण करायची असते म्हणे, भोक कुठे पाडायचं त्याची. तिने क्षिप्राला विचारलं, आई थांबली तर चालेल? क्षिप्राने एकदा माझ्याकडे पाहिलं. "चालेल," म्हणाली. मी कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि मनाशी ठरवलं, तोंडातून अक्षर काढायचं नाही.

नर्सने तिला बसवलं, उभं केलं, वाकवलं. पोटाला घडी कुठे पडते ते बघितलं. जीन्स घालायला लावली, बटण कुठे येतं ते बघितलं. ती लहान असताना आंघोळ घालायचे, त्यानंतर मी तिचं पोट आज पाहिलं. बरगड्यांच्या खाली नुसता खळगा. नर्सने मार्करने जांभळी फुली मारली आणि म्हणाली, इथे. रोज सकाळी आरशात दिसेल, पिशवी बदलताना हाताला येईल.

मी बघितलं. फुली बरोबर तिथे होती जिथे परकराची नाडी येते. जीन्सचं बटण खाली, नाडी वर. रोज नाही, पण जेव्हा केव्हा साडी नेसेल तेव्हा ती नाडी नेमकी पिशवीवर आवळणार. तिचं दुखलं तर? पिशवी सुटली तर? जीभ चावली मी. पुन्हा माझंच पुढे, पुन्हा माझीच यादी. नाही बोलायचं. पण नर्स टोपण लावायला लागली, आणि उद्या एकदा भोक पाडलं की ते हलत नाही.

"क्षिप्रा," मी म्हटलं, "मी एक बोलू का?"

तिने मान वळवली. मी असं विचारते याचंच तिला नवल वाटलं असणार. "बोल ना."

मी सांगितलं. नर्सला साडी माहीत होती, परकर माहीत नव्हता, नाडी तर नाहीच. मग मी तिच्याकडून बँडेजची पट्टी मागून घेतली आणि क्षिप्राच्या कमरेला बांधली, तिच्या आजीने मला पहिल्यांदा नाडी बांधून दाखवली होती तशी, घट्ट पण गाठ बाजूला. पट्टी फुलीवरूनच गेली. नर्स वाकून बघत राहिली, "आय सी, आय सी" म्हणाली, दोन बोटं खाली, पण बटणाच्या वरच, मोजलं, तिथे पुन्हा बसवून, वाकवून बघितलं आणि दुसरी फुली मारली.

"पण मी कुठे साडी नेसते?" क्षिप्रा म्हणाली.

"माहीत नाही. म्हणून तर तुला विचारलं."

पहिली फुली नर्सने स्पिरिटने पुसली, पण पूर्ण गेली नाही. फिकट जांभळी राहिलीच. उद्या सर्जनला कळलं पाहिजे खरी कुठली, असं ती म्हणाली. क्षिप्राने हात पुढे करून मार्कर मागून घेतला, मान खाली घातली आणि खालच्या फुलीभोवती स्वतःच्या हाताने गोल काढला. गोल वेडावाकडा झाला. मी पुढे होऊन तिचा हात धरायला गेले नाही, एवढंच केलं.

नर्सने चष्मा वर सारला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आंटी, लाइक दॅट ओके?"

मी म्हटलं, "मला नका विचारू. तिला विचारा."